गाजर-फ्लॉवर-मिरचीचं आंबवलेलं लोणचं (तेलाशिवाय, व्हिनेगरशिवाय)

तिखटमीठ

'आज काय केलंत'च्या धाग्यावर बरणीचा फोटो टाकला होता, त्यावर बऱ्याच जणांनी कृती विचारली. तिथे प्रतिसादांच्या गर्दीत हरवेल म्हणून वेगळा धागा काढते आहे.

साहित्य साधंच आहे. गाजर, फ्लॉवर, चार-पाच हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा, लसणीच्या काही पाकळ्या, चमचाभर मोहरी भरड कुटून, चिमूटभर हळद, मीठ, पाणी. आंबटपणासाठी वरून काहीही घालायचं नाही, तो बरणीतच तयार होतो.

मिठापाशी मात्र अंदाजपंचे चालत नाही. रिकामी बरणी वजनकाट्यावर ठेवायची आणि काटा शून्यावर आणायचा. भाज्यांचे तुकडे दाबून भरायचे, त्या बुडतील इतकं पाणी ओतायचं आणि आकडा बघायचा. समजा 900 ग्रॅम भरले, तर त्याचे 3 टक्के म्हणजे 27 ग्रॅम मीठ. मग पाणी पातेल्यात काढून त्यात मीठ विरघळवायचं आणि परत बरणीत ओतायचं. चमच्याने मोजू नका. बारीक मिठाचा चमचा आणि खड्या मिठाचा चमचा यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. ठाण्यात मार्चनंतर माझं स्वयंपाकघर तापतं म्हणून 3, थंडीत अडीचवर येते. नुसत्या मिरच्या घालायच्या असतील तर 5, आणि प्रत्येक मिरचीला एक चीर द्यायची, नाहीतर आत पाणी शिरत नाही.

पाणी उकळून गार केलेलं घ्या, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. खडे मीठ असेल तर उत्तम. आयोडीनवाल्या मिठानेही आंबतं, फक्त पाणी जरा गढूळ दिसतं.

भाजीने पाण्याबाहेर डोकं काढता कामा नये. मी कोबीचं जाड पान वरून खोचते आणि त्यावर काचेची छोटी वाटी उपडी ठेवते. वर दोन-तीन बोटं जागा सोडायची, झाकण अगदी सैल लावायचं आणि बरणीखाली ताटली ठेवायची, कारण पाणी उतू जातं म्हणजे जातंच.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतात, बरणी हलवली की फसफसतं, पाणी दुधट होतं. फ्लॉवरचा वास सुरुवातीला नाकाला झोंबेल. घरचे बोलतील, बोलू द्यात, पुढे तो वास निवळतो. उन्हाळ्यात चौथ्या दिवसापासून, थंडीत आठवड्याने एक तुकडा खाऊन बघायचा. जिभेला हवा तेवढा आंबट झाला की फ्रीजमध्ये. गाजर शेवटपर्यंत कुरकुरीत राहतं.

गवतीचहा

मस्तच! वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: आपलं कैरीचं लोणचंही असंच आंबून होतं ना? मग त्यात कुठे कोण वजनं करतं?

आजोबा_५८

गवतीचहा, हेच विचारणार होतो. आमच्या आईने जन्मात काटा हातात धरला नाही. किलोच्या कैऱ्यांना ओंजळभर मीठ, तेही तिच्या ओंजळीने. बरणीला हिंगाची धुरी द्यायची, वर तेलाचा थर, दादरा बांधायचा, की वर्षभर बघायला नको. हल्लीच्या पिढीला सगळं ग्रॅममध्ये लागतं.

(धागा छान आहे, राग नसावा.)

लॅबवाली

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हा प्रश्न रोजच्या पोटापाण्याचा आहे. जरा लांबण लावते.

आजोबा, तुमच्या आईंचं बरोबर होतं, पण कैरीसाठी. कैरी मुळातच इतकी आंबट असते की तिचा सामू, म्हणजे पीएच, 3 च्या आसपास असतो. लिंबाचा त्याहूनही खाली. वरून आपण किलोला दोनशे ते अडीचशे ग्रॅम मीठ घालतो, मोहरी फेसून घालतो, तेल ओततो. एवढ्या आंबट आणि खारट जागी अपायकारक जिवाणूंचा टिकाव लागत नाही. तिथे आंबवणाऱ्या जिवाणूंनाही फार काम नसतं. कैरी मुरते म्हणजे मुख्यतः मीठ आत जातं, पाणी बाहेर येतं, फोड मऊ पडते आणि मसाला शिरतो. मीठ ओंजळभर जास्त पडलं तर लोणचं खारट होईल, जरा कमी पडलं तर वर बुरा येईल. बिघडलेलं डोळ्यांना दिसतं.

गाजर आणि फ्लॉवर आंबट नाहीत. त्यांचा सामू 6 च्या घरात. मीठही फक्त 3 टक्के. म्हणजे पहिल्या दिवशी त्या बरणीचं रक्षण करणारं फारसं काही नसतं. तिथे सगळी भिस्त लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंवर, जे भाजीच्या सालीवर आधीपासूनच असतात. 3 टक्के मीठ त्यांना चालतं, भाजी सडवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना चालत नाही. आधी ल्युकोनोस्टॉक नावाची मंडळी कामाला लागतात, ते बुडबुडे बहुतेक त्यांचे. आम्ल वाढलं की त्यांनाच ते सोसत नाही आणि लॅक्टोबॅसिलस कुळातले, जास्त आम्ल सहन करणारे, पुढचं काम हातात घेतात. सामू 4.6 च्या खाली गेला की बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जिवाणू वाढू शकत नाही. चांगली आंबलेली बरणी 4 च्याही खाली जाते.

म्हणून इथे वजन. मीठ कमी पडलं तर भलतेच जिवाणू पुढे जातात, फार झालं तर आंबवणारेच अडखळतात. सामू तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात. सुरुवातीच्या एक-दोन बरण्यांना त्या वापरा, मग जीभच सांगायला लागते.

आजोबा_५८

समजलं. कैरीची ओंजळ गाजराला नको. पण धुरीचं काय?

लॅबवाली

कैरीच्या लोणच्याला जरूर द्या. बरणी कोरडी होते आणि वास काय सुरेख लागतो! या लोणच्याला गरज नाही. गरम पाण्याने आणि साबणाने धुतलेली बरणी पुरते, कारण जे जिवाणू हवेत ते भाजीवरूनच येणार आहेत. भाजीही स्वच्छ पाण्याखाली धुवा, उकळत्या पाण्यात घालू नका.

झेला

मी राजापूरकडचा. आमच्याकडे पावसाळ्यासाठी कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालतात, तो प्रकार यातला की त्यातला?

पद्धत सांगतो. रायवळ कैरी, घट्ट, कोय धरायच्या बेताची. पडीची घ्यायची नाही, तिला कुठेतरी मार लागलेला असतो आणि एक कैरी अख्ख्या सटाची (मोठ्या बरणीची) वाट लावते. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवलेली हवी. चीक गळू द्यायचा, धुवायच्या, फडक्यावर पसरून कोरड्या करायच्या. पाण्यात खडे मीठ घालून उकळायचं, इतकं की तळाशी थोडं न विरघळता राहील. पाणी पूर्ण गार झालं की कैऱ्यांवर ओतायचं, वर लाकडी फळी, फळीवर नदीतला गोटा. श्रावणात काढायच्या, रात्रभर साध्या पाण्यात ठेवून मीठ उतरवायचं, मग ओल्या खोबऱ्याबरोबर चटणी, नाहीतर आमटीत. कच्चे गरेही असेच ठेवतात, पावसात भाजीला.

लॅबवाली

झेला, हा तिसराच प्रकार. 100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळतं, पुढे नाही. तुमचं पाणी त्या टोकाचं आहे. तिथे आंबवणारे जिवाणूही गप्प बसतात. तुमची कैरी टिकते ती मिठावर आणि स्वतःच्या आंबटपणावर. कच्चे गरे तर आंबटही नसतात, ते निव्वळ मिठावर टिकतात. म्हणून गऱ्यांना मीठ कमी करायचा प्रयोग कोणी करू नये. 'आरोग्यासाठी' म्हणून करतील लोक, म्हणून सांगून ठेवते.

मांडवीकाठ

गोव्यात आमचीं चेपणीं तोरां अशीच, पण पाणी वरून घालत नाहीत. कोवळ्या कैऱ्या, म्हणजे तोरां, खड्या मिठाचे थर देत बरणीत रचायच्या आणि वर चांगलं जड वजन ठेवून चेपायच्या. चार दिवसांत त्यांचंच पाणी सुटतं आणि त्या त्यातच बुडतात. कैरी चपटी होते, साल सुरकुतते. मे महिन्यातली बरणी, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना गरम पेजेबरोबर एकच तोर कडेकडेने खात बसायचं. दुसरं काही लागत नाही.

झेला

मांडवीकाठ, तोंडाला पाणी सुटलं की हो.

बर्फाळ

मिनेसोटाहून. माझी बरणी तळघरात असते, तिथे 18 अंश. तिखटमीठच्या चार दिवसांत इथे जेमतेम बुडबुडे येतात. कोबीचं आंबवण, ज्याला इकडे सॉरक्राउट म्हणतात, त्याला 21 ते 24 अंशांत तीन-चार आठवडे आणि 16 ते 18 अंशांत पाच-सहा आठवडे धरतात. तेव्हा परदेशातल्यांनी ठाण्याचं वेळापत्रक लावू नये.

कोबीला पाणी घालावं लागत नाही. बारीक चिरून वजनाच्या 2 ते अडीच टक्के मीठ लावायचं आणि हातांनी चुरायचं. दहा मिनिटांत हात दुखतात आणि परातीत पाणी जमतं. तेवढ्या पाण्यात तो कोबी बुडतो.

अवांतर: कॅप्टन कुकने 1768च्या सफरीत हा कोबी पिंपंच्या पिंपं नेला होता, खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून. खलाशी तोंड लावेनात. मग त्याने तो फक्त अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावला आणि बाकीच्यांना हवं तर घ्या, नको तर राहू द्या म्हणून सांगितलं. आठवडाभरात मागणी इतकी वाढली की प्रत्येकाचा वाटा ठरवून द्यावा लागला. मुलांवर हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

तिखटमीठ

बर्फाळ, तुमचा कोबी मला इथे कधी जमणार नाही. 32-33 अंशांत कोबी आंबतो पटकन, पण मऊ पडतो. म्हणूनच मी गाजर, फ्लॉवर, मुळा असल्या दणकट भाज्यांवर आहे. काकडी घालायची असेल तर कोवळी, आणि फुलाकडचं टोक कापून टाका. त्या टोकातली विकरं (एन्झाइम्स) काकडी मऊ करतात. देठाकडचं राहिलं तरी चालतं. नाशिककरांनी द्राक्षाचं एखादं पान टाकून बघावं, त्यातल्या टॅनिनने कुरकुरीतपणा टिकतो.

खारीक

घाईघाईत विचारते आहे. काल बरणी भरून पाचवा दिवस होता. वर पांढरं काहीतरी आलंय. सायीसारखं, पातळ, जरा सुरकुत्या पडलेलं. आणि लसूण चक्क निळी झाली आहे! फेकू?? सासूबाई म्हणतायत, पाळीत हात लावला असशील.

तिखटमीठ

थांब, फेकू नकोस. पांढरं सपाट आहे की केसाळ? सपाट, कागदासारखं आणि चमच्याने ढकललं की मोडणारं असेल तर ते जंगली यीस्ट. हवा लागते तिथे येतं. अपाय नाही, पण वाढू दिलं तर चव बिघडवतं. चमच्याने काढ, बरणीची कड पुसून घे, एखादा तुकडा वर आला असेल तर खाली दाब. केसाळ, कापसासारखं, हिरवं, काळं किंवा गुलाबी असेल तर मात्र अख्खी बरणी फेकायची. वरचं काढून खालचं वापरायचं नाही. काढताना जीव तुटतो, पण तरी. पाणी तारेसारखं लांबलं किंवा सडका वास आला तरी तेच.

लॅबवाली

निळी लसूण निर्धोक आहे. लसणीतली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं आंबट जागी एकत्र आली की निळा-हिरवा रंग धरतात. चीनमध्ये थंडीत मुरवलेली लसूण मुद्दाम हिरवी करून खातात.

पाळीचं म्हणाल तर माझ्या प्रयोगशाळेत आम्ही बहुतेक बायकाच आहोत आणि महिनाभर रोज नमुने हाताळतो. जिवाणूंना आजवर कळलेलं नाही.

खारीक

सपाटच आहे! काढलं. एक तुकडा खाल्ला, मस्त आंबट. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या म्हणाल्या, "असू दे, पण माझ्या कैरीच्या बरणीला लावू नकोस." :)

वडापाव_विशेषज्ञ

एवढा खटाटोप कशाला? कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं की. तीन वर्षं टिकतं, फ्रीजही नको.

तिखटमीठ

दुकानातलं मिक्स लोणचं बहुतेक व्हिनेगरचं किंवा तेलाचं असतं, तो वेगळा पदार्थ आहे. तेही मी आणते, डब्याला बरं पडतं. हे त्याच्या बदल्यात नाही.

भिंगरी

माझी शंका: लसूण सोलून, आलं-मिरची घालून नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवते, तसं केलं तर यात मोडेल का? एका व्हिडिओत पाहिलंय, 'सहा महिने टिकणारी लसूण'.

लॅबवाली

भिंगरी, ते करू नका. केलं असेल तर टाकून द्या. ठळक अक्षरांत लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं.

लसूण जमिनीत वाढते, तिच्यावर बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेल हवा अडवतं आणि त्या जिवाणूला नेमकी हवाच नको असते. लसूण आंबट नाही, तेल आंबट नाही, मीठ जेमतेम. वर काही दिसत नाही, वासही येईलच असं नाही. 1985 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला तेलातल्या बाटलीबंद लसणीमुळे 36 जणांना बोट्युलिझम झाला होता. बीजाणू घरच्या उकळण्याने मरत नाहीत, त्यामुळे 'मी लसूण परतून घेते' हा उपाय नाही.

तेलातली लसूण हवीच असेल तर थोडी करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा. टिकवायची असेल तर आधी मिठाच्या पाण्यात आंबवा. किंवा सरळ लिंबाच्या रसात भरपूर मीठ घालून लोणचं करा. आपल्याकडे लसणीच्या लोणच्यात लिंबू पिळतात ते उगाच नाही.

भिंगरी

बापरे. टाकलं. धन्यवाद.

सराफा_रात्र

इंदूरहून. उत्तरेकडची होळीच्या सुमाराची कांजी कोणी कशी आणली नाही? काळी गाजरं मिळाली तर उत्तम, नाहीतर लाल गाजरात एक बीट. बोटाएवढे तुकडे, दोन लिटर पाणी, तीन चमचे राईची भरड पूड, मीठ, तिखट. फडकं बांधून उन्हात तीन-चार दिवस. रोज लाकडी चमच्याने हलवायचं. पाणी आंबट आणि झणझणीत झालं की गार करून प्यायचं, तळाची गाजरं लोणच्यासारखी खायची. त्यात मुगाचे वडे सोडले की कांजीवडा. बीट किसून घालू नका, साखर भसकन सुटते आणि पाणी बुळबुळीत होतं.

मोहरीबद्दल एक: ती नुसती चवीला नाही. ओली झाल्यावर जो झणका सुटतो तो बुरशीलाही झोंबतो.

बीपी_वाढलेला

सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण डॉक्टरांनी लोणचं बंद सांगितलंय. यात मीठ 3 टक्केच म्हणताय, तर चालेल का?

लॅबवाली

हिशोब देते, निर्णय डॉक्टरांचा. 3 टक्क्यांच्या बरणीतल्या 50 ग्रॅम गाजरात साधारण दीड ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, पोळीपासून आमटीपर्यंत सगळं धरून. कैरीच्या लोणच्याच्या एका मोठ्या चमच्यातच दोन ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे तुकड्याला मीठ कमी, पण हे सॅलडसारखं वाटीभर खाल्लं जातं, तिथे गणित उलटतं. दोन तुकडे वाढून बरणी आत ठेवायची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून बघा.

गवतीचहा

भरली बरणी! गाजर, मुळा, मिरची. घरात काचेची वाटी नव्हती म्हणून संगमरवरी फरशीचा तुकडा घासून वजन म्हणून ठेवलाय.

तिखटमीठ

तो आत्ताच्या आत्ता काढ. संगमरवर म्हणजे चुनखडीच, आंबट पाण्यात तो विरघळतो आणि तयार होणारं आम्ल खाऊन टाकतो. सगळी मेहनत त्यातच जाईल. नदीतला काळा गोटा उकळून चालेल, किंवा छोट्या पिशवीत तेच मिठाचं पाणी भरून ठेव. फुटली तरी बरणीतलं प्रमाण बिघडत नाही. ॲल्युमिनियम, पितळ वगैरे नको. स्टीलच्या डब्यातही महिनोन् महिने ठेवू नये, खारट-आंबट पाण्याने बारीक खड्डे पडतात.

गवतीचहा

काढला. पिशवी ठेवली. फोडणी कधी द्यायची?

तिखटमीठ

बरणीत द्यायचीच नाही. वाढण्यापुरतं वाटीत काढायचं आणि हिंग-मेथीची फोडणी पूर्ण गार करून वर घालायची. कढत ओतली तर जे जिवाणू इतके दिवस पोसले तेच मारायचे, आणि गाजरही मऊ पडतं.

आजोबा_५८

शेवटी आम्हीही केलं. काटा नातवाचा, ओंजळ बाजूला ठेवली. मुळा जरा जास्त झाला, घरात दोन दिवस कोणी आलं नाही, पण चव झकास. आता बरणी संपत आली. उरलेला खार पुढच्या बरणीत विरजणासारखा घालू का?

लॅबवाली

घातला तर बिघडणार नाही, पण गरज नाही. जुन्या खारात आम्ल सहन करणारेच जिवाणू उरलेले असतात. ते घातले की सुरुवातीचं ल्युकोनोस्टॉकचं काम वगळलं जातं आणि चव एकसुरी होते. भाजीला आपलं आपण आंबू द्या.

तिखटमीठ

खार ओतू मात्र नका. थालीपिठाच्या भाजणीत पाण्याऐवजी घाला, वरचं मीठ तेवढं कमी करा.

वडापाव_विशेषज्ञ

चुरापावमध्ये दोन चमचे घालून बघितला. प्रतिसाद मागे घेतो. काटा कुठला घेऊ?

तिखटमीठ

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा कुठलाही. आणि बरणी रुंद तोंडाची घ्या, हात आत गेला पाहिजे.